फाइल कुठे आहे?

एम.ए.च्या शेवटच्या सत्रातील एक विद्यार्थिनी लघुप्रबंध सादर करण्याच्या आदल्या दिवशी विभागात आली. ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रणावर तिने सात महिने मनापासून काम केले होते. "मॅडम, प्रबंध उघडतच नाहीये," एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी विचारले, "फाइल कुठे आहे?" ती म्हणाली, "फोनमध्ये." "फोनमध्ये कुठे?" "ॲपमध्ये." त्यापलीकडे तिला काही सांगता येईना. चौकशीअंती कळले ते असे : ॲपमधले खाते तिच्या भावाने आपल्या जुन्या मोबाइल क्रमांकावर उघडून दिले होते, तो क्रमांक बंद झाला होता, फोन बदलल्यावर ॲपने पुन्हा ओळख मागितली आणि ओळख पटवणारा आकडा त्या बंद क्रमांकावर जात राहिला. प्रबंध नष्ट झाला नव्हता. तो कुठेतरी सुखरूप होता. फक्त तिचा नव्हता.

पहिल्या तीन प्रकरणांच्या छापील प्रती मी दुरुस्तीसाठी मागून घेतल्या होत्या, त्या माझ्या कपाटात सापडल्या. त्यांवरून तिने पुन्हा टंकलेखन केले. उरलेली दोन प्रकरणे तिने पंधरा दिवसांच्या वाढीव मुदतीत आठवून लिहिली. ती पूर्वीइतकी चांगली उतरली नाहीत, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

या मुलीला निष्काळजी ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तिने सांभाळण्याजोगे सगळे सांभाळले होते. 'फाइल' नावाची स्वतंत्र वस्तू असते, ती आपण एका जागी ठेवतो आणि ती ज्यात लिहिली त्या साधनाहून वेगळी असते, ही कल्पनाच तिच्यापर्यंत कधी पोहोचली नव्हती. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. २०२१ साली 'द व्हर्ज' या अमेरिकी नियतकालिकाने याच विषयावर सविस्तर लेख छापला होता. तिथल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचाही अनुभव हाच होता : फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली, हा प्रश्नच विद्यार्थ्यांना कळत नाही.

हा विषय संगणक विभागाकडे ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे. संहिता कुठे असते, ती कोणाच्या ताब्यात असते, तिची प्रत कोण करू शकतो आणि ती ओळखायची कशावरून, हे पाठचिकित्सेचे अगदी प्राथमिक प्रश्न आहेत. पोथ्यांच्या संदर्भात आपण ते वर्गात शिकवतो. आपल्या डोळ्यांसमोर लिहिल्या जाणाऱ्या संहितेबाबत मात्र ते विचारत नाही.

संगणकाच्या पडद्यावरचे 'डेस्कटॉप' हे मुळात एक रूपक आहे. झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर कचेरीतले टेबल मांडले होते : त्यावर कागद, कागद ठेवण्याची फोल्डरे, फोल्डरांसाठी कपाट. या रूपकामागे एक विचार होता आणि तो आपल्या कामाचा आहे. 'स्टार'वर काम करणारा माणूस आधी सॉफ्टवेअर उघडून मग त्यात मजकूर शोधत नसे. तो थेट कागदाला हात घाली. नवा मजकूर लिहायचा तर कोऱ्या कागदाची प्रत काढून घ्यायची. साधन मागे उभे असे, संहिता पुढे. 'स्टार' महाग होता आणि फारसा खपला नाही, पण त्याची मांडणी ॲपलच्या १९८३ च्या 'लिसा'त आणि १९८४ च्या 'मॅकिंटॉश'मध्ये उतरली आणि पुढे 'विंडोज'मार्फत आपल्या टेबलांवर आली.

आपल्याला हे रूपक परके वाटण्याचे कारण नव्हते. कागद निगुतीने बांधून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद आजही 'रुमालां'च्या हिशेबाने मोजले जातात. रुमाल म्हणजे कागद बांधण्याचे फडके. 'दप्तर' हा शब्द फारसीतून आला, सरकारी कारभारात रुळला आणि शेवटी शाळकरी मुलांच्या पाठीवर जाऊन बसला. संगणकावरच्या फोल्डरला आपण रुमाल म्हटले असते तरी चालले असते. तसे झाले नाही. 'धारिका' हा शब्द घडवला गेला, महाजालावर काही जणांनी तो निष्ठेने वापरलाही, पण सरकारी कचेरीने 'फाइल' हा शब्द आधीच इतका घरचा करून टाकला होता की दुसऱ्या शब्दाला जागा उरली नाही.

या टेबलावर फाइल-व्यवस्थापक, म्हणजे मॅकवरचा 'फाइंडर' किंवा विंडोजमधला 'एक्सप्लोरर', दप्तरदाराचे काम करतो. कागद तो वाचत नाही. कागद कुठे आहे आणि कोणाच्या हाती द्यायचा, एवढेच त्याला ठाऊक असते. फाइलीवर आपण दोनदा टिचकी मारतो तेव्हा तो फाइलीची जात ओळखतो, त्या जातीचे काम कोणत्या सॉफ्टवेअरकडे आहे हे आपल्या वहीत पाहतो, त्या सॉफ्टवेअरला जागे करतो आणि फाइलीचा पत्ता त्याच्या हाती ठेवतो. दप्तर आणि कारागीर यांच्यातला करार इतकाच. कारागीर बदलला तरी कागद दप्तराचाच राहतो.

फाइलीची जात ओळखायची कशी, याची तीन निरनिराळी उत्तरे दिली गेली. साहित्याच्या अभ्यासकाला ती ओळखीची वाटतील. जुना मॅकिंटॉश प्रत्येक फाइलीसोबत चार-चार अक्षरांच्या दोन खुणा ठेवी. एक प्रकाराची, दुसरी निर्मात्याची. म्हणजे तो फाइलीला विचारी, 'तुझा कर्ता कोण?' विंडोजने नाव पाहिले. नावाच्या शेवटी टिंबापुढे जी अक्षरे असतील, त्यांवरून जात ठरवली. लिनक्सच्या डेस्कटॉपांनी नाव तर पाहिलेच, पण नावाने भागेना तेव्हा फाइल उघडून तिची सुरुवातीची अक्षरे तपासण्याची सोयही ठेवली. कर्त्यावरून, शीर्षकावरून की अंतरंगावरून? समीक्षेतला जुना वाद इथे यंत्राच्या पोटात चाललेला दिसतो. आणि यांपैकी एकाच निकषावर विसंबणे तिथेही भोवतेच. विंडोजने १९९५ पासून नावाची शेपटी वाचकापासून लपवायला सुरुवात केली. सामान्य माणसाला हा तपशील कशाला, असा विचार. मे २००० मध्ये जगभर एक प्रेमपत्र फिरले. पत्रासोबतच्या फाइलीचे नाव साध्या मजकुराच्या फाइलीसारखे दिसत होते, कारण तिची खरी शेपटी लपलेली होती. लोकांनी ते प्रेमपत्र समजून उघडले आणि आतली आज्ञावली चालू झाली. 'आय लव्ह यू' या नावाने तो विषाणू कुप्रसिद्ध झाला. वाचकाच्या सोयीसाठी म्हणून जे लपवले जाते, त्याची किंमत वाचकालाच मोजावी लागते, हा धडा तेव्हाच शिकण्यासारखा होता.

पण या साऱ्या व्यवस्थेत लेखकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा एक क्षण होता, तो म्हणजे जतन करण्याचा. लिहिणारा पहिल्यांदा मजकूर जतन करू लागला की सॉफ्टवेअर थांबे आणि दोन प्रश्न विचारी : याचे नाव काय? हे ठेवायचे कुठे? कित्येकांना ती चौकट कटकटीची वाटे. मला ती आज बारशासारखी वाटते. त्या क्षणी मजकूर साधनापासून सुटा होई, त्याला नाव मिळे, जागा मिळे आणि तो लिहिणाऱ्याच्या मालकीचा होई. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरात उघडता येई, मैत्रिणीला देता येई, बिघडवण्यापूर्वी त्याची प्रत करून ठेवता येई.

ही चौकट आता नाहीशी होत आहे. २००७ साली आयफोन आला, तेव्हा त्यावर फाइल-व्यवस्थापकच नव्हता. प्रत्येक ॲप आपापला मजकूर आपल्या पोटात ठेवी. 'फाइल्स' नावाचे ॲप त्यावर आले ते थेट २०१७ मध्ये. पण तोवर एका पिढीचा हात त्या घडणीत बसला होता. 'गूगल डॉक्स'सारख्या सेवेत मजकूर आपोआप जतन होतो. नाव द्या न द्या, जागा सांगा न सांगा. गूगल ड्राइव्ह संगणकावर बसवले तर हे मजकूर फोल्डरात फाइलींसारखे दिसतातही. पण त्या फाइलीच्या आत आपला लेख नसतो. तिथे असतो फक्त एक पत्ता, लेख कुठे ठेवला आहे तो सांगणारा. ती फाइल पेन-ड्राइव्हवर उतरवून घेणारा आपला लेख सोबत नेत नाही, चिठ्ठी नेतो. पूर्वी मजकूर आपल्या घरी असे आणि सॉफ्टवेअर पाहुण्यासारखे येऊन काम करून जाई. आता मजकूर सॉफ्टवेअरच्या घरी राहतो आणि आपण दार ठोठावून भेटायला जातो. दार उघडले नाही, तर काय होते ते त्या मुलीने पाहिले.

यावर आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, नव्या व्यवस्थेने जितके मजकूर बुडवले त्याहून कितीतरी अधिक वाचवले. पेन-ड्राइव्ह हरवल्याने किंवा त्यात विषाणू शिरल्याने गेलेले प्रबंध मी स्वतः पाहिले आहेत. दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. फाइल आणि फोल्डर ही ज्याच्या घरी संगणक होता त्याची विद्या. आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या घरी तो कधीच नव्हता. ही मुले फोनवर अंगठ्याने मराठी लिहितात, आणि त्या फोनमुळेच लिहितात. त्यांना कचेरीच्या टेबलाचे रूपक शिकवू पाहणे म्हणजे आपल्याच सवयींना ज्ञान म्हणणे नव्हे काय? तिसरा आक्षेप असा की, 'गूगल डॉक्स' मजकुराच्या मागच्या आवृत्त्या जपून ठेवते. कोणत्या दिवशी कोणते वाक्य खोडले, हे तिथे मागे जाऊन पाहता येते. पाठचिकित्सकाला याहून मोठे घबाड कोणते?

पहिला आक्षेप मला मान्य आहे. दूर एक प्रत असावीच. पण ती प्रत असावी, एकमेव मूळ नव्हे. तिसऱ्याबाबत एवढेच सांगते की, तो आवृत्त्यांचा इतिहास त्या सेवेच्या आतच राहतो. लेख उतरवून घेतला की शेवटची आवृत्ती तेवढी हाती येते, खाडाखोड मागे राहते. खाते बंद झाले की तीही गेली. घबाड आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला. दुसऱ्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, कचेरीचे टेबल शिकवू नये, मालकी शिकवावी. ज्या मुलीच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, तिचा मजकूर तिच्या हातात असण्याची गरज इतरांहून जास्तच आहे. कारण तो हरवला, तर परत मिळवून देणारे तिच्या ओळखीत कोणी नसते.

आणि या बाबतीत आमच्या पिढीने नव्यांना उपदेश करावा असे आमचेही पुण्य नाही. फाइल आपल्या हातात असणे पुरेसे नसते, हे मराठीने फार महाग शिकून घेतले आहे. आमच्या महाविद्यालयाच्या २००४ च्या वार्षिकांकाची सीडी मध्यंतरी कपाटात सापडली. पुढे उत्तम लिहू लागलेल्या एका कवीच्या पहिल्या चार कविता त्या अंकात होत्या. ग्रंथालयातली छापील प्रत गळक्या छताखाली भिजून कधीच रद्दीत गेली होती. सीडी चालली, फाइल दिसली, फाइल उघडलीसुद्धा. पडद्यावर आली ती रोमन अक्षरांची, स्वरचिन्हांची आणि कंसांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण आपल्या छपाईखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत पुढची कितीतरी वर्षे निराळेच टंक चालले. त्यांत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. डोळ्यांना 'क' दिसे, फाइलीत मात्र एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह लिहिलेले असे. ज्याच्याकडे तोच टंक, त्यालाच ती मराठी. तो टंक विकत घेतलेला, त्याला चालण्यासाठी संगणकाच्या पाठीला एक 'लॉक' जोडावे लागे, आणि ते लॉक हरवले होते.

शेवटी एका विद्यार्थ्याने त्या टंकाचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी आज्ञावली शोधून काढली. कविता परत मिळाल्या. काही ठिकाणी रफार भलत्याच अक्षरावर चढले होते, ऱ्हस्व इकार घसरले होते. ते अंदाजाने सुधारले. एका ओळीतला एक शब्द मात्र अजून लागलेला नाही. कवीला विचारले, त्यालाही आठवत नाही. इतक्या अलीकडच्या कवितेचे पाठनिश्चितीचे काम आम्हाला करावे लागले आणि ते अपुरे राहिले. ही फाइल आमच्या हातात होती, तिला नाव होते, जागा होती. फक्त ती एका साधनाची बटीक होती. आजच्या ॲपमधला मजकूर आणि ती सीडी यांचा रोग एकच. दोन्ही ठिकाणी संहिता साधनापासून सुटी झालेली नाही.

सुटी झालेली संहिता काय करू शकते, याची दोन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठ अशुद्ध झाले होते, कारण प्रती अनेक हातांतून गेल्या होत्या. आणि शुद्धीचे काम हाती घेता आले तेही प्रती अनेक हातांत टिकून होत्या म्हणूनच. एखादीच प्रत एखाद्याच कोठारात असती, तर भ्रष्ट पाठाचा प्रश्न उद्भवला नसता आणि कोठार जळते त्या दिवशी ज्ञानेश्वरीही उरली नसती. दुसरे उदाहरण आपल्या काळातले. सलमान रश्दींचे कागदपत्र अमेरिकेतील एमरी विद्यापीठाकडे गेले, त्यांत त्यांचे जुने मॅकिंटॉश संगणकही होते. विद्यापीठाने २०१० मध्ये हा संग्रह अभ्यासकांना खुला केला, तेव्हा त्यांतल्या एका संगणकाची हुबेहूब प्रतिकृती नव्या यंत्रावर उभी केली. अभ्यासक तिथे बसून रश्दींचा डेस्कटॉप जसाच्या तसा पाहू शकतो. कोणते फोल्डर, त्यात कोणते नाव, कशाशेजारी काय ठेवले आहे ते. लेखक आपले कागद कसे लावतो, हाही त्याच्या लेखनाचा भाग आहे, हे तिथे ओळखले गेले. मॅथ्यू किर्शेनबॉम यांनी २०१६ मध्ये 'ट्रॅक चेंजेस' या ग्रंथात वर्ड प्रोसेसरचा वाङ्मयीन इतिहासच लिहिला. आपल्याकडे आज लिहिणाऱ्या किती मराठी लेखकांचे असे दप्तर पन्नास वर्षांनी उघडता येईल? ज्यांचे हस्तलिखित नाही, फाइलही नाही, आहे ते केवळ कुठल्याशा खात्यात, त्यांच्या अभ्यासकाने काय करायचे?

म्हणून मराठी विभागांपुढे काही साध्या गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात संदर्भसूची कशी करावी यावर आपण तास घालवतो; त्यांतला एक तास या प्रश्नाला द्यावा. विद्यार्थ्याने फोनवर लिहावे, खुशाल लिहावे. पण प्रत्येक आठवड्याच्या शेवटी मजकूर उतरवून घ्यावा, त्याला तारखेसह नाव द्यावे आणि जुनी प्रत पुसू नये. लघुप्रबंध स्वीकारताना पीडीएफसोबत युनिकोडमधली साध्या मजकुराची एक फाइल मागावी. दुसरी 'ओपन डॉक्युमेंट' या प्रकारातली मागावी. हा प्रकार २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि लिबरऑफिससारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरात उघडतो. विभागाने हे सारे एका जागी, दोन प्रतींत ठेवावे. याला अनुदान लागत नाही. लागते ती दप्तरदाराची शिस्त.

त्या मुलीचा प्रबंध पुढे स्वीकारला गेला. तिच्या तोंडी परीक्षेनंतर मी तिला विचारले, "आता फाइल कुठे आहे?" तिने तीन जागा सांगितल्या, नावासकट. मग म्हणाली, "पण मॅडम, पहिलं चौथं प्रकरण जास्त चांगलं होतं." ते अजूनही कुठेतरी सुखरूप असेल.